अधिकाराकडून सेवेकडे : डॉ. चिंतामणराव देशमुख यांचा जीवनप्रवास

छत्तीसगडचा शेतकरी आपली जमीन नावाने ओळखतो. काळी, चिकण ती कन्हार. पिवळसर ती मटासी. दोहोंच्या मिश्रणाची ती डोरसा आणि लाल, मुरमाड, उंचवट्यावरची ती भाठा. कोणत्या मातीत कोणते धान पिकेल, कोणत्या शेतात पाणी टिकेल, हे त्याला पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ही नावे आणि त्यांमागचे व्यवहार एका तरुण मराठी अधिकाऱ्याने बारकाईने समजून घेतले. रायपूर जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचे काम त्याच्याकडे होते. पुढे हाच अधिकारी रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, स्वतंत्र भारताचा आर्थिक राजदूत झाला, अर्थमंत्री झाला. आणि ज्या वयात बहुतेक माणसे मिळवलेल्या मानावर विसावतात, त्या वयात त्याने ते सारे मागे ठेवून शिक्षण, संशोधन आणि समाजसेवा यांच्या संस्था उभ्या करण्यास स्वतःला वाहून घेतले. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्यांचे नाव. महाराष्ट्रात ते सी. डी. देशमुख किंवा चिंतामणराव म्हणून ओळखले जातात. रायपूरच्या मराठी समाजाने त्यांना आपले मानावे, असे त्यांच्या चरित्रात पुष्कळ आहे.

बालपण आणि शिक्षण

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, मकर संक्रांतीच्या सुमारास, तत्कालीन कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील नाते या गावी झाला. रायगड किल्ल्याच्या परिसरातले हे लहानसे गाव. वडील द्वारकानाथ वकिली करीत. आई भागीरथीबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. घरी सुबत्ता बेताची असली तरी विद्येचा आदर मोठा होता. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. कोकणातल्या एका मुलाने मिळवलेल्या या यशाचे कौतुक महाराष्ट्रभर झाले. राम गणेश गडकरी यांच्यासारख्या कवीने त्यांच्यावर कविता रचली, यावरून त्या कौतुकाची कल्पना यावी.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. संस्कृताचा हा विद्यार्थी झाडापानांत आणि खडकांतही तितकाच रमला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे आयुष्यभर त्यांच्या ठायी काव्य आणि काटेकोर निरीक्षण एकत्र नांदले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेतही ते पहिले आले. १९२० साली त्यांचा विवाह रोझिना सिल्कॉक्स या इंग्रज युवतीशी झाला आणि नोकरीसाठी ते मध्य प्रांत व वऱ्हाडात दाखल झाले. त्या काळी रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे याच प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती.

रायपूर : शेताच्या बांधावरची पाठशाळा

बंदोबस्त हा शब्द आज पोलिसांच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. त्या काळी मात्र खेड्यातल्या प्रत्येक घराला त्याचा वेगळा अर्थ माहीत होता. ठरावीक वर्षांनी सरकार गावोगावच्या जमिनीची पाहणी करी, मातीची प्रतवारी लावी, पिके आणि भाव तपासी आणि त्यावरून येत्या काळासाठी सारा ठरवी. हा आकडा एकदा निश्चित झाला की शेतकऱ्याच्या पुढच्या कित्येक वर्षांची सुखदुःखे त्यावर अवलंबून राहत. आकडा चढा ठरला तर कर्ज, आणि कर्जानंतर जमिनीवर सावकाराचा हात; हे ठरलेलेच असे.

छत्तीसगडात हे काम विशेष अवघड होते. येथे मालगुजारी पद्धत होती. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याची जबाबदारी मालगुजाराकडे, म्हणजे स्थानिक बोलीत गौंटियाकडे असे. प्रत्यक्ष जमीन कसणारी रयत त्याच्या खाली. काही भागांत लाखाबाटा नावाची जुनी चालही होती. गावातल्या जमिनींची अधूनमधून नव्याने वाटणी होऊन बऱ्यावाईट जमिनीचा वाटा सर्वांच्या पदरी येई. त्यामुळे एकेका कुटुंबाची शेते गावभर विखुरलेली असत. अशा ठिकाणी कागदावर काय आहे आणि शिवारात काय आहे, यांचा मेळ घालण्यासाठी अधिकाऱ्याला तंबू ठोकून गावोगाव हिंडावे लागे, पटवाऱ्याचा खसरा हाती घेऊन बांधावर उभे राहावे लागे आणि लोकांचे म्हणणे त्यांच्या बोलीत ऐकावे लागे.

भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकलेल्या चिंतामणरावांना मातीची आणि पिकांची ओळख पुस्तकांतून झालेली होती. रायपूरच्या मुक्कामात त्यांना त्या मातीवर जगणारा माणूस दिसला. सरकारी दप्तरातील प्रत्येक आकड्यामागे एक घर असते आणि तो आकडा चुकला तर त्याची किंमत ते घर मोजते, हा या कामातला मूळ धडा. पुढे कोट्यवधी रुपयांचे हिशेब त्यांच्या हाताखालून गेले. परंतु आकड्यांविषयीची त्यांची सावध, जबाबदार वृत्ती ज्या कामात मुरली, त्यांत रायपूरच्या या बंदोबस्ताचे स्थान मोठे मानावे लागते. जमिनीच्या मालकीची ही जुनी मालगुजारी पद्धत १९५१ साली मध्य प्रदेशात कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा हाच जुना बंदोबस्त अधिकारी दिल्लीत देशाचा अर्थमंत्री होता. काळाचा हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

१९३१ साली रजेवर लंडनला असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम करण्याची संधी त्यांना लाभली. महात्मा गांधी याच परिषदेस उपस्थित होते. राष्ट्रांचे आणि पक्षांचे प्रतिनिधी एका मेजाभोवती बसून कसे बोलतात, कोणता शब्द कोठे अडतो आणि कोठे वाट देतो, याचे हे त्यांना झालेले पहिले जवळून दर्शन. त्यानंतर प्रांताच्या महसूल आणि अर्थ खात्यांचे सचिवपद त्यांनी सांभाळले.

रिझर्व्ह बँक आणि युद्धाचे ओझे

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेशी जोडले गेले. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला चिंतामणराव गव्हर्नरपदी आले. या पदावरचे ते पहिले भारतीय. देशाच्या चलनी नोटांवर प्रथमच एका भारतीय गव्हर्नराची सही आली.

हा मान होता, तसे ते ओझेही होते. महायुद्धासाठी ब्रिटन भारतातून धान्य, कापड आणि इतर सामग्री घेत होते. तिची किंमत मात्र लंडनमध्ये पौंडांच्या खात्यात जमा होई आणि तिच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. बाजारात पैसा वाढला, माल घटला आणि भाव भडकले. चिंतामणराव गव्हर्नर झाले ते वर्ष बंगालच्या भीषण दुष्काळाचे होते. परकीय सरकारच्या युद्धनीतीला बांधलेल्या बँकेच्या प्रमुखाला ही घसरण थांबवता येण्यासारखी नव्हती. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या हाती एक गोष्ट होती : लंडनमध्ये साचलेली ती रक्कम भारताच्या गरिबांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेले कर्ज आहे, हे जगापुढे मांडणे आणि ती बुडू न देणे. युद्धाच्या अखेरीस ही शिल्लक सतराशे कोटी रुपयांच्या आसपास पोहोचली होती. ती रक्कम कमी करून घ्यावी, असा सूर ब्रिटनमध्ये निघू लागला होता.

जागतिक व्यासपीठावर

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. युद्धानंतरच्या जगाची आर्थिक घडी बसवण्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्थांचा आराखडा तेथे ठरला. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. शिष्टमंडळाचे नेतृत्व अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते. त्यात चिंतामणरावांबरोबर षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हेही होते. पौंड शिल्लकेचा प्रश्न भारतीय सदस्यांनी तेथे नेटाने मांडला. तो परिषदेने स्वीकारला नाही. हे प्रकरण ब्रिटन आणि भारत यांनी आपसांत मिटवावे, अशी मोठ्या राष्ट्रांची भूमिका राहिली. तरीही मागास देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हा जागतिक अर्थव्यवहाराचा एक हेतू असावा, हा भारताचा आग्रह निष्फळ ठरला नाही. नाणेनिधीत भारताचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला. अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन आणि फ्रान्स यांच्यानंतरचा हा सहावा क्रमांक. पुढे रशिया बाहेर राहिल्याने पहिल्या पाचांत भारताला स्थान मिळाले.

स्वतःचे राज्य नसलेल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलणे ही मुत्सद्देगिरीची कठीण परीक्षा असते. मागे सैन्य नाही, सत्ता नाही. असतो तो केवळ मुद्द्याचा खरेपणा आणि मांडणीतला संयम. चिंतामणराव या परीक्षेत उतरले. १९४६ पासून दहा वर्षे या दोन्ही जागतिक संस्थांच्या गव्हर्नर मंडळांवर ते भारताचे प्रतिनिधी होते आणि १९५० साली पॅरिस येथे भरलेल्या त्यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. पौंड शिल्लकेच्या वाटाघाटींत लंडनशी झालेल्या बोलण्यांतही त्यांचा सहभाग राहिला. ती रक्कम टप्प्याटप्प्याने भारताला वापरता आली आणि नव्या राष्ट्राच्या पहिल्या वर्षांत ती धान्य व यंत्रसामग्रीच्या आयातीस उपयोगी पडली.

फाळणीच्या वेळी आणखी एक नाजूक काम बँकेवर येऊन पडले. भारताची रिझर्व्ह बँक जून १९४८ अखेरपर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. सीमेवर रक्त सांडत असताना आणि दोन्ही सरकारांत पैशांच्या वाटपावरून तणाव असताना एकाच संस्थेने दोन्ही देशांचा हिशेब राखायचा होता. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी जूनअखेर गव्हर्नरपदाची मुदत संपली आणि पंडित नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोपसाठी भारताचे खास आर्थिक राजदूत नेमले. धान्याची चणचण आणि परकीय चलनाचा तुटवडा अशा दुहेरी अडचणीत सापडलेल्या देशाची बाजू त्यांना परदेशी राजधान्यांत मांडायची होती. हेच वर्ष त्यांच्या घरच्या दुःखाचेही होते. जवळजवळ तीन दशकांच्या सहजीवनानंतर १९४९ मध्येच रोझिनाबाईंचे निधन झाले.

अर्थमंत्री आणि राजीनामा

मार्च १९५० मध्ये नियोजन मंडळ स्थापन झाले तेव्हा चिंतामणराव त्याचे सदस्य झाले आणि काही आठवड्यांतच अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्या जन्मजिल्ह्यातून, कुलाब्यातून, लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळात पार पडली. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँकेत झाले आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. खेड्यातल्या माणसाला सावकाराखेरीज दुसरे दार असावे, हा त्यामागचा हेतू. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर झाले. २४५ देशी-विदेशी संस्था एकत्र येऊन त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले.

परंतु विम्याच्या या घोषणेच्या तीनच दिवस आधी देशात एक वेगळीच घोषणा झाली होती. मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील, असे पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सांगितले. महाराष्ट्र पेटून उठला. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाले, माणसे मेली. आपल्या सहकाऱ्यांनी घेतलेला हा निर्णय चिंतामणरावांना मान्य नव्हता. ज्या पद्धतीने तो घेतला गेला, ती त्यांना त्याहून अधिक खटकली आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारणे तर त्यांना अक्षम्य वाटले. त्यांनी राजीनामा देऊ केला. तो काही महिने तसाच राहिला आणि अखेर जुलै १९५६ मध्ये स्वीकारला गेला. लोकसभेत त्यांनी आपली भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली आणि ते पायउतार झाले.

या राजीनाम्याने महाराष्ट्रात त्यांच्याविषयी प्रेमाची लाट उसळली. त्या लाटेवर स्वार होऊन राजकारणात मोठे स्थान मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पुढारीपण करण्यासाठी त्यांनी पक्षही काढला नाही. काहींना ही उणीव वाटली, आणि चळवळीच्या दृष्टीने तसे वाटणे स्वाभाविक होते. त्यांच्यापुरता प्रश्न सरळ होता : जो निर्णय आपल्या विवेकाला पटत नाही, त्याची जबाबदारी घेऊन मंत्रिपदावर राहायचे की नाही? त्याचे उत्तर त्यांनी दिले. त्या उत्तराचा मोबदला मागितला नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य जन्मले, तेव्हा ते दुसऱ्याच कामात बुडून गेले होते.

संस्था उभारणारा माणूस

साठीच्या उंबरठ्यावर त्यांच्या आयुष्याचा नवा अध्याय सुरू झाला. त्याची पायाभरणी तीन वर्षांपूर्वीच झाली होती. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाई आंध्रच्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या, आंध्र महिला सभेच्या संस्थापक, घटना समितीच्या सदस्य आणि नियोजन मंडळातील सहकारी. पंडित नेहरू या नोंदणी विवाहाचे एक साक्षीदार होते. त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. एकाकडे अर्थशास्त्राची शिस्त, दुसरीकडे समाजकार्याची तळमळ. मराठी आणि तेलुगू या दोन भाषांच्या घरांतून आलेल्या या दांपत्याने पुढची जवळजवळ तीन दशके हातात हात घालून काम केले.

मंत्रिपद सोडल्यानंतर चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाला कायद्याने नुकतेच स्वतंत्र रूप मिळाले होते. १९५६ ते १९६१ या पाच वर्षांत तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, अध्यापकांच्या वेतनात सुधारणा, ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे यांना साहाय्य अशा गोष्टींकडे त्यांनी लक्ष दिले. अर्थमंत्री म्हणून जो माणूस पै पै राखीत होता, तोच आता शिक्षणासाठी हक्काने पैसा मागू लागला. राष्ट्रीय पुस्तक न्यासाचे अध्यक्षपद त्यांनी मानद म्हणून स्वीकारले. हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाला त्यांचे मार्गदर्शन लाभले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते १९४५ ते १९६४ अशी जवळजवळ दोन दशके अध्यक्ष होते, प्रा. महालनोबिस यांच्या या संस्थेच्या साहाय्याने १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी ही देशातल्या सामान्य कुटुंबाचा खर्च, शेती आणि रोजगार मोजू लागली. बांधावर उभे राहून शेतांची नोंद तपासणाऱ्या अधिकाऱ्याला या कामाचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर हे त्यांच्या संस्थाकार्याचे ठळक उदाहरण. देशोदेशीचे विद्वान, कलावंत आणि विचारवंत यांनी सरकारी छत्राबाहेर, मोकळेपणाने एकत्र यावे, अशी ही कल्पना. रॉकफेलर प्रतिष्ठानचे साहाय्य तिला लाभले. जोसेफ स्टाइन या वास्तुविशारदाने लोदी उद्यानाशेजारी साधी आणि हिरवाईत मिसळून जाणारी इमारत आखली. नोव्हेंबर १९६० मध्ये जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १९६२ रोजी डॉ. राधाकृष्णन यांनी केंद्राचे उद्घाटन केले. ही तारीख देशमुख दांपत्याच्या विवाहाचीही. केंद्राचे संस्थापक अध्यक्ष म्हणून चिंतामणरावांनी त्याला जो निःपक्ष आणि सुसंस्कृत वळण दिले, ते टिकून राहिले. तेथील सभागृहाला आज त्यांचेच नाव आहे.

१९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. याच काळात विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या आणि महाविद्यालयाचा खर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पदवीचे दार उघडले. दुर्गाबाईंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सामाजिक विकास परिषदेच्या कार्यातही ते सहभागी होते. लोकसंख्या, स्त्रीशिक्षण आणि ग्रामीण दारिद्र्य या विषयांचा अभ्यास भावनेच्या भरात न करता तपासून, मोजून करावा, हा या कार्याचा आग्रह होता.

पद सोडले म्हणून सार्वजनिक जीवनाविषयी ते उदासीन झाले नाहीत. मंत्र्यांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक निःपक्ष न्यायाधिकरण असावे, अशी मागणी त्यांनी १९५९ मध्ये केली. सरकारने ती मानली नाही. त्यांनीही ती मागे घेतली नाही. त्याच वर्षी शासकीय सेवेबद्दलचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते उभे राहिले. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या चुरशीत त्यांना १,१२,७६९ मूल्याची पहिल्या पसंतीची मते मिळाली आणि ते तिसरे आले. आयुष्यभर बहुतेक परीक्षांत पहिला आलेला हा माणूस या पराभवानंतर निमूटपणे आपल्या संस्थांच्या कामाला लागला.

संस्कृत, फुलझाडे आणि अखेरची वर्षे

अंदाजपत्रके आणि अहवाल यांच्या गर्दीतही त्यांनी कविता सोडली नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला. महात्मा गांधींच्या शंभर वचनांना संस्कृत श्लोकांचे रूप देऊन त्यांनी गांधीसूक्तिमुक्तावली सिद्ध केली. त्यांच्या स्वतंत्र संस्कृत रचनांचा संग्रहही प्रसिद्ध झाला. तरुणपणी अभ्यासलेले वनस्पतिशास्त्र बागेच्या रूपाने सोबतीला राहिले. फुलझाडांची जोपासना हा त्यांचा आवडता विरंगुळा होता. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रकाशित झाले. १९७५ साली पती आणि पत्नी अशा दोघांनाही पद्मविभूषण हा सन्मान लाभला. एकाच वर्षी एकाच घरात असा दुहेरी मान जाण्याचे प्रसंग विरळाच.

उत्तरायुष्यात हे दांपत्य हैदराबादेत राहिले. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी चिंतामणरावांनी हैदराबाद येथे देह ठेवला. तो दिवस गांधीजयंतीचा होता.

एक वारसा

चिंतामणरावांच्या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. त्यांचा जन्म कोकणात झाला. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग महाराष्ट्राबाहेर गेला. रायपूर, नागपूर, लंडन, वॉशिंग्टन, दिल्ली, हैदराबाद अशी ही वाटचाल. महाराष्ट्रावर अन्याय झाला असे वाटताच त्यांनी देशातले एक सर्वोच्च पद सोडले, आणि तरीही त्यांनी उभारलेल्या संस्था कोणा एका प्रांताच्या किंवा भाषेच्या नव्हत्या. मातृभाषेवरचे प्रेम आणि जेथे राहतो तेथल्या मातीशी इमान, यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. संस्कृत कवितेत रमणारा हा माणूस छत्तीसगडी शेतकऱ्याची कन्हार आणि भाठा यांतला फरकही जाणत होता.

महाराष्ट्रापासून दूर, छत्तीसगडच्या भूमीवर मराठीतून शिकलेल्या पिढ्यांना हा प्रश्न नवा नाही. घरात एक भाषा, अंगणात दुसरी, कार्यालयात तिसरी. या सगळ्यांत आपली भाषा राखून शेजाऱ्याशी एकरूप व्हायचे कसे, हे प्रत्येक पालकाला कधी ना कधी स्वतःला विचारावे लागते. चिंतामणरावांच्या चरित्रात त्याचे उत्तर कृतीतून मिळते. आपल्या भाषेचा अभिमान त्यांनी कर्तृत्वातून सिद्ध केला आणि त्या कर्तृत्वाची फळे सर्वांना वाटून टाकली.

दुसरी गोष्ट अधिकाराविषयीची. बंदोबस्त अधिकाऱ्याची लेखणी, गव्हर्नराची सही, राजदूताचा शब्द, अर्थमंत्र्याचे अंदाजपत्रक : एवढ्या प्रकारची सत्ता फार थोड्या भारतीयांच्या हाती आली असेल. ती सारी त्यांनी ठेव म्हणून सांभाळली; मुदत सरताच किंवा विवेकाने कौल देताच ती परत केली. उरली ती विद्यापीठे, ग्रंथ, अभ्याससंस्था आणि त्यांतून शिकून बाहेर पडलेली माणसे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहणाऱ्या कोणत्याही विद्यालयाला आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून याहून मोठी अपेक्षा करता येणार नाही.